आफ्रिकी मत्स्यगरुडाची हाक आणि झेनो-कँटो : बडोद्यातून केलेले एक परीक्षण

आफ्रिकी मत्स्यगरुडाचे छायाचित्र एकदा पाहिले की तो सहसा विसरला जात नाही. पांढरेशुभ्र डोके, काळेभोर पंख आणि तांबूस-तपकिरी पोट अशी ठळक रंगसंगती शिकारी पक्ष्यांत फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. तरीही सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील नद्या-सरोवरांच्या काठी राहणारी माणसे त्याला आधी ओळखतात ती त्याच्या हाकेवरून, आणि ही हाक कोणत्याही चित्रात सापडत नाही. बडोद्यात बसून ती ऐकायची असेल, नीट समजून घ्यायची असेल आणि त्या पक्ष्याच्या रूपाशी तिचा मेळ घालायचा असेल, तर आज उपलब्ध असलेल्या साधनांपैकी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ते झेनो-कँटो या विनामूल्य ध्वनिसंग्रहाचे. त्याचे परीक्षण मी मुद्दाम एकाच पक्ष्याच्या अनुषंगाने करीत आहे. हजारो जातींचे आवाज असलेल्या संग्रहात इकडेतिकडे फिरून त्याच्या विस्ताराचे कौतुक करता येते, पण त्याचा उपयोग कितपत होतो हे एका जातीच्या खोलात उतरल्याशिवाय कळत नाही.

संग्रहाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बॉब प्लांके आणि विलेम-पीअर वेलिंगा या नेदरलँड्समधील दोन पक्षिप्रेमींनी २००५ च्या मे महिन्यात तो सुरू केला. आरंभी त्यात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील पक्ष्यांचेच आवाज होते. पुढे आफ्रिका, आशिया, युरोप आणि ऑस्ट्रेलिया असा त्याचा विस्तार होत गेला, आणि आता नाकतोडे, बेडूक, वटवाघळे यांचेही आवाज त्यात आले आहेत. लायडन येथील नॅचरॅलिस या जैवविविधता संस्थेचा त्याला आधार आहे. ध्वनिमुद्रणे करतात ती जगभरची हौशी आणि व्यावसायिक माणसे, आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुली ठेवली जातात. ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही आणि मध्येच जाहिरातही येत नाही. ज्ञानाची अशी पाणपोई कोणीतरी इतकी वर्षे चालवीत आहे, याबद्दल मनात कृतज्ञता ठेवूनच मी पुढचे सारे लिहीत आहे.

आवाजाकडे वळण्यापूर्वी रूपाविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हाक कोण देत आहे हे डोळ्यांपुढे नसेल तर ती नुसती किंकाळी वाटते. आफ्रिकी मत्स्यगरुडाची लांबी साधारण ६३ ते ७५ सेंटिमीटर असते. बहुतेक शिकारी पक्ष्यांप्रमाणे यातही मादी नरापेक्षा मोठी असते. नराचे वजन २ ते २.५ किलोच्या दरम्यान, तर मादीचे ३.२ ते ३.६ किलोपर्यंत भरते. नराच्या पंखांचा विस्तार सुमारे २ मीटर आणि मादीचा २.४ मीटरपर्यंत असतो. प्रौढ पक्ष्याचे डोके, मान, छाती आणि आखूड शेपूट पांढरी असते. पाठ आणि पंखांची मोठी पिसे काळी, तर खांदे, पोट आणि मांड्या गडद तांबूस-तपकिरी असतात. पक्षी उडताना खालून पाहिला तर पंखांच्या अस्तराचा तांबूस रंग आणि त्यामागची काळी पिसे स्पष्ट वेगळी दिसतात. चेहऱ्यावरील उघडी त्वचा आणि चोचीचे मूळ पिवळे, तर चोचीचे आकडेदार टोक काळे असते. पायही पिवळे आणि पिसांविना असतात. तळव्यांवर बारीक काटेरी उंचवटे असतात, त्यामुळे निसटू पाहणारा मासा पकडीत घट्ट राहतो.

ज्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर ब्राह्मणी घार पाहिली आहे, त्यांना हे वर्णन वाचून तिची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण पांढरे डोके-छाती आणि तांबूस अंग ही जोडी तिच्याकडेही आहे. परंतु ब्राह्मणी घारीचे पंख वरूनही तांबूसच असतात, काळेपणा फक्त पंखांच्या टोकांशी असतो, आणि आकाराने ती मत्स्यगरुडापुढे फारच लहान असते. मत्स्यगरुडाच्या रूपात जी भारदस्त कणखरता आहे ती त्याच्या रुंद काळ्या पंखांमुळे आणि आखूड शेपटीमुळे येते. उडताना तो शेपटीपेक्षा पंखांचाच अधिक भासतो.

अल्पवयीन पक्षी मात्र नवख्या निरीक्षकाला चकवतो. त्याचे अंग तपकिरी, छातीवर विस्कळीत रेघोट्या आणि शेपटीच्या टोकाशी गडद पट्टी असते; प्रौढ रंगरूप यायला सुमारे ५ वर्षे लागतात आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर तो वेगळा दिसतो. फिकट डोके आणि डोळ्याजवळचा गडद भाग यांमुळे काही वेळा तो ऑस्प्रेसारखा वाटतो, आणि ऑस्प्रे हाही पाण्यावरचाच मासेमार असल्यामुळे घोटाळा वाढतो. प्रौढाच्या बाबतीत पाम-नट गिधाडाशी गल्लत होऊ शकते, कारण तेही काळे-पांढरे असून पाण्याजवळ आढळते. पण त्याचे पोट पांढरे, शेपूट काळी व टोकाशी पांढरी आणि चेहऱ्याची त्वचा लालसर असते.

या सर्व बारकाव्यांसाठी झेनो-कँटो पुरेसे नाही, आणि हे वाचकाने आधीच समजून घ्यावे. हा आवाजांचा संग्रह आहे. रूपासाठी दुसरीकडे जावे लागते. माझा अनुभव असा की कॉर्नेल विद्यापीठाची मॅकॉले लायब्ररी शेजारी उघडून ठेवावी. रानातल्या पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणाची कॉर्नेलची परंपरा १९२९ पासूनची आहे आणि आज त्या संग्रहात आवाजांबरोबर छायाचित्रे व चित्रफितीही आहेत. तेथे वयानुसार छायाचित्रे निवडून पाहता येतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या तपकिरी पिलापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सलग डोळ्यांखालून जातो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. पाण्यावर झेपावून मासा उचलणाऱ्या मत्स्यगरुडाची जी देखणी छायाचित्रे सर्वत्र दिसतात, त्यांतील पुष्कळशी केनियातील नैवाशा किंवा बारिंगो यांसारख्या सरोवरांवर नावाड्याने शीळ घालून, मेलेला मासा पाण्यावर फेकून मिळवलेली असतात. पक्षी खरा आणि त्याची झेपही खरी असली, तरी तेवढ्यावरून त्याच्या दिवसाची कल्पना करणे चुकीचे ठरेल. आफ्रिकी मत्स्यगरुडाचा दिवस बहुतांशी पाण्याकाठच्या उंच झाडावर बसून राहण्यात जातो. शिकार थोडा वेळ चालते. उरलेल्या वेळात तो आपला पाणवठा राखतो, आणि हे राखणे तो मुख्यत्वे आवाजाने करतो.

येथे आपण हाकेपाशी येतो. अक्षरांत ती साधारण ‘वीऽऽ-आ, ह्यो-ह्यो-ह्यो’ अशी लिहिता येईल, पण अक्षरे तिला न्याय देत नाहीत. आरंभी एक लांब, उंच, स्वच्छ स्वर येतो. तो किंचित चढून खाली वळतो आणि त्यामागून आखूड स्वरांची एक उतरती माळ येते. हाक देताना पक्षी डोके इतके मागे टाकतो की चोच आभाळाकडे होते. फांदीवर बसलेला असो वा हवेत तरंगणारा, ही लकब सुटत नाही. तिची तार इतकी दूरवर जाते की उघड्या पाण्यावरून पलीकडच्या काठाला ती ऐकू येते. आफ्रिकेच्या रानातील सर्वांत ओळखीच्या आवाजांत तिची गणना होते, आणि ती ऐकल्यावर या कीर्तीचे नवल वाटत नाही. घरट्याजवळ हाच पक्षी ‘क्वॉक’ असा आखूड आवाज काढतो. त्यात पहिल्या हाकेचे कोणतेही लालित्य नसते, आणि माहिती नसलेल्या माणसाला हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत यावर विश्वास बसणार नाही.

या हाकेतील सर्वांत रमणीय भाग नर-मादीच्या जुगलबंदीचा आहे. नराचा स्वर उंच आणि टोकदार असतो, थोरल्या अंगाच्या मादीचा खालच्या पट्टीतला आणि गोलाकार असतो. एकाने सुरुवात केली की दुसरा त्यात इतक्या लवकर शिरतो की दोन पक्षी आहेत हे प्रथम लक्षातच येत नाही. बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तेव्हापासून या गावाला स्वरांची पट्टी कानाने तोलण्याची सवय आहे. अशा कानाला ही दोन पट्ट्यांतली देवाणघेवाण दोन-तीनदा ऐकल्यावर उमगते, असे मी संगीत शिकलेल्या घरातल्या मंडळींच्या बाबतीत पाहिले आहे. पक्षिनिरीक्षणाशी ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीही कोणता स्वर मादीचा हे लवकरच अचूक सांगायला सुरुवात केली.

झेनो-कँटोचे मोठेपण येथे दिसते. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्याचा ध्वनिआलेख दिलेला असतो. आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या रेषेवर स्वराची उंची अशा या आलेखात मत्स्यगरुडाचा पहिला लांब स्वर एका कमानीसारखा दिसतो आणि त्यामागचे आखूड स्वर उतरत्या खुणांच्या रांगेने येतात. जोडी गात असेल तर दोन पट्ट्यांतल्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. ऐकताना जे निसटते ते आलेखात पकडता येते, आणि आलेखात पाहिलेले पुढच्या वेळी कानांना आपोआप सापडते. ज्यांना वाढत्या वयामुळे उंच स्वर कमी ऐकू येतात, त्यांच्यासाठी या सोयीचे मोल मला विशेष वाटते.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोणत्याही ध्वनिमुद्रणापुढे ते कोणी केले, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या देशात, नेमक्या कोणत्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आणि आवाज कोणत्या प्रकारचा आहे हे लिहिलेले असते. शिवाय ध्वनिमुद्रकाचा शेरा असतो आणि पार्श्वभूमीला ऐकू येणाऱ्या इतर पक्ष्यांची नावेही पुष्कळदा दिलेली असतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे आपण ऐकलेले दुसऱ्याला निःसंदिग्धपणे दाखवता येते. या नोंदींमुळे आवाजाला पत्ता मिळतो. नैवाशाच्या, म्हणजे सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्याच्या सरोवरावरची पहाटेची हाक आणि बोत्स्वानातील ओकावांगोच्या सपाट पाणथळीतली हाक आपण शेजारी-शेजारी ठेवून ऐकू शकतो. वेळेचा रकाना लक्षपूर्वक पाहिला तर हा पक्षी पहाटे का ऐकावा हेही समजते, कारण सूर्योदयाच्या आसपास तो सर्वाधिक बोलका असतो.

आमच्या शेजारी एक वृद्ध गुजराती गृहस्थ राहतात. त्यांचे बालपण व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूत गेले. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये तेथवर पोहोचली आणि तिच्या मागोमाग चरोतरातील व बडोद्याच्या आसपासची अनेक कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली. आजही या भागात नैरोबी, कंपाला, किसुमू ही नावे घरच्या गावांसारखी घेतली जातात. मी त्यांना काही न सांगता एक ध्वनिमुद्रण ऐकवले. पहिला स्वर पूर्ण होण्याआधीच त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, “भाऊ, हा तर आमच्या सरोवरावरचा. शाळेला निघायच्या आधी बोलायचा.” त्यानंतर मी त्यांना अल्पवयीन पक्ष्याचे छायाचित्र दाखवले, तेव्हा ते त्यांना ओळखता आले नाही. प्रौढाचे चित्र पाहून मात्र त्यांनी समाधानाने मान डोलावली. त्यांच्याकडून मला आणखी एक उपयुक्त गोष्ट कळली. त्यांच्या आठवणीतील हाक नेहमी एका दिशेने सुरू होऊन दुसऱ्या दिशेने संपत असे, आणि लहानपणी ते याला प्रतिध्वनी समजत. ती अर्थात जोडीदाराची साद असणार, आणि हे आम्हा दोघांना जोडीचा ध्वनिआलेख पाहताना एकदमच उलगडले.

आता वापराविषयी. संग्रहात ध्वनिमुद्रणांना ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत दर्जा दिलेला असतो. नवीन श्रोत्याने ‘ए’ दर्जापासून सुरुवात करावी हे योग्यच आहे, पण तेथेच थांबू नये असे मी आग्रहाने सांगेन. हा दर्जा ध्वनिमुद्रणाच्या स्वच्छतेचा आहे. पक्ष्याच्या आयुष्याविषयी ते किती सांगते, याचा त्यात हिशेब नाही. ‘बी’ किंवा ‘सी’ दर्जाच्या मुद्रणात मागे पाणघोड्याचे घुरघुरणे, हादादा आयबिसची कर्कश आरोळी, वल्ह्याचा आवाज किंवा दूरच्या दुसऱ्या मत्स्यगरुडाचे उत्तर मिसळलेले असू शकते, आणि हाक मोकळ्या पाण्यावर कशी पसरते याची जाण अशाच मुद्रणांतून येते. अगदी स्वच्छ मुद्रणात पक्षी कानाजवळ असतो. प्रत्यक्षात तो बहुधा दूर असतो. सरोवराकाठी गेल्यावर आपल्याला जे ऐकू येणार आहे त्याची तयारी दूरच्या मुद्रणांनीच होते.

शोधताना देश, आवाजाचा प्रकार आणि दर्जा यांनुसार यादी लहान करता येते. एकदा नुसत्या हाका, एकदा जोडीची मुद्रणे आणि एकदा पिलांचे आवाज असे गट करून ऐकल्यास लक्ष विखुरत नाही. फोनचा छोटा स्पीकर मात्र या कामाला अपुरा आहे. मादीच्या स्वराचा गोलावा त्यात हरवतो आणि दोन्ही पक्षी सारखेच किरटे वाटू लागतात. साधे पण बऱ्या प्रतीचे हेडफोन वापरावेत.

उणिवाही सांगायला हव्यात. हा संग्रह स्वेच्छेने दिलेल्या मुद्रणांवर उभा आहे, म्हणून माणसे जेथे जातात तेथलेच आवाज त्यात अधिक येतात. पर्यटकांच्या वाटेवरची सरोवरे आणि अभयारण्ये त्यात ठळक दिसणार, आणि जेथे युद्ध, दारिद्र्य किंवा दुर्गमता आहे तेथील पाणवठे दुबळे राहणार. आफ्रिकी मत्स्यगरुड मात्र सहाराच्या दक्षिणेस, मोठे पाणी असेल तेथे जवळजवळ सर्वत्र राहतो. तो झांबिया, नामिबिया आणि दक्षिण सुदान या तीन देशांचा राष्ट्रीय पक्षी आहे, १९६४ पासून झांबियाच्या ध्वजावर तो पंख पसरून आहे, आणि या देशांतील लोकांचे त्याच्याशी असलेले नाते संग्रहातील मुद्रणांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. दुसरी उणीव नोंदींच्या असमानतेची. काही ध्वनिमुद्रक नर, मादी, वय, वर्तन असे सर्व लिहितात, तर काही केवळ ‘हाक’ एवढ्यावर थांबतात. त्यामुळे नर-मादीच्या स्वरांतील फरकाचा अभ्यास करायचा असेल तर ज्या मुद्रणांच्या शेऱ्यात पक्षी प्रत्यक्ष पाहिल्याचे लिहिले आहे, तीच निवडावीत. शेरे इंग्रजीत किंवा ध्वनिमुद्रकाच्या भाषेत असतात. घरातील वडीलधाऱ्यांना किंवा मराठी माध्यमातील मुलांना सोबत घेऊन ऐकायचे असेल तर कोणीतरी ते वाचून सांगावे लागेल.

तरीही नोंदींसह दिलेला आवाज आणि नोंदींविना वापरलेला आवाज यांत किती अंतर आहे, याचे एक उदाहरण येथे देणे मला गरजेचे वाटते. अमेरिकी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर बाल्ड ईगल हा पांढऱ्या डोक्याचा गरुड दिसतो तेव्हा त्याच्या तोंडी पुष्कळदा लाल शेपटीच्या बझर्ड या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंकाळी घातलेली असते, कारण त्या गरुडाचा खरा आवाज नाजूक, चिवचिवाटासारखा आहे आणि तो दिग्दर्शकांना पुरेसा भारदस्त वाटत नाही. अशा सवयीमुळे प्रेक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्या चुकीचा आवाज खरा मानून बसतात. आफ्रिकी मत्स्यगरुडाला अशा उसनवारीची गरज नाही. त्याचे रूप जितके रुबाबदार तितकीच हाकही. मात्र त्याची हाक वातावरणनिर्मितीसाठी कोठेही चिकटवली जाण्याचा धोका त्याच्या वाट्याला आला आहे. जेथे पाणी नाही अशा कोरड्या माळाच्या दृश्यामागे ती ऐकू आली तर ऐकणाऱ्याने शंका घ्यावी. ठिकाण, वेळ आणि माणूस यांसह आवाज देणारा संग्रह अशी शंका घ्यायला शिकवतो, आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी सेवा आहे.

बडोदेकरांना या पक्ष्यात रस वाटण्याचे आणखी एक कारण घराजवळच आहे. डभोईजवळचा वढवाणा तलाव १९१० मध्ये बडोदे संस्थानाने सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या पाणपक्ष्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे, पण त्या तलावाच्या नोंदींत पल्लासचा मत्स्यगरुड आणि करड्या डोक्याचा मत्स्यगरुड हे दोघेही आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. करड्या डोक्याचा मत्स्यगरुड हा तर आफ्रिकी मत्स्यगरुडाचा जवळचा नातलग आहे. पूर्वी आफ्रिकी जातीला समुद्रगरुडांच्या हॅलिईटस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवत असत. अलीकडच्या वर्गीकरणात तिला आपल्या करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडाबरोबर इक्थिओफॅगा या प्रजातीत बसवले आहे. वेगवेगळ्या याद्यांत दोन्ही नावे आढळतात, म्हणून शोधताना एका नावाने सापडले नाही तर दुसऱ्याने पाहावे.

करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडाचे डोके राखाडी, छाती तपकिरी, पोट व मांड्या पांढऱ्या आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाशी काळी पट्टी असते. पल्लासचा मत्स्यगरुड त्याहून मोठा, फिकट पिवळसर डोक्याचा आणि गडद तपकिरी अंगाचा असून त्याच्या काळ्या शेपटीच्या मध्यावर रुंद पांढरा पट्टा असतो. ही जात जागतिक पातळीवर संकटात आहे. या दोघांचे आवाज आणि आफ्रिकी जातीचा आवाज पाठोपाठ ऐकावेत. पल्लासच्या मत्स्यगरुडाचा आवाज भसाडा, भुंकण्याच्या जवळ जाणारा आहे. करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडाच्या आवाजात रडवेपणा आणि घोगरेपणा यांचे मिश्रण आहे. आफ्रिकी जातीच्या पहिल्या स्वराची स्वच्छता या दोघांपाशी नाही. कोणाचा आवाज किती गोड याचा निकाल मला द्यायचा नाही, पण तिघांना एकत्र ऐकल्यावर आफ्रिकी हाकेतील नितळपणा ही या गणगोतात वेगळी उठून दिसणारी गोष्ट आहे, हे स्पष्ट होते. मादागास्करमधील मत्स्यगरुड हा आफ्रिकी जातीचा सख्खा भावंड मानला जातो आणि तो अतिशय दुर्मिळ झाला आहे. ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांनी त्याचीही मुद्रणे शोधावीत.

या सोयीचा एक गैरवापर मात्र कटाक्षाने टाळावा. तलावावर जाऊन फोनवरून आवाज लावायचा आणि पक्षी जवळ येतो का हे पाहायचे, ही सवय छायाचित्रकारांत वाढत आहे. मत्स्यगरुडाच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे आपल्या हद्दीत शिरलेला परका असतो. तो उडून येतो, प्रतिकार करतो, त्यात शिकारीचा आणि घरट्यावरचा वेळ खर्च करतो, आणि आपण ते दृश्य पाहून आनंदतो. करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडासारखे पक्षी आपल्याकडे आधीच थोडे आहेत. आवाज घरी ऐकावेत, कान तयार करावेत आणि वढवाण्याला फोन खिशात ठेवून जावे. पकडण्याच्या किंवा छळाच्या धोक्यात असलेल्या काही जातींची मुद्रणे झेनो-कँटोने स्वतःहून सर्वांसाठी खुली ठेवलेली नाहीत. एखाद्या जातीचा आवाज लागला नाही तर त्यामागे हे कारण असू शकते, आणि मला ते धोरण पूर्णपणे योग्य वाटते.

ज्यांच्याकडे बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक आहे त्यांनी केवळ ऐकण्यावर न थांबता आपली मुद्रणेही द्यावीत. त्यासाठी खाते उघडावे लागते, तेही विनामूल्य. महागडी साधने नसली तरी चालते. फोनवर केलेले मुद्रणही, पक्षी जवळ असेल आणि वारा नसेल तर, उपयोगी पडते. मुद्रण करताना बोलू नये, पक्षी दिसला असल्यास त्याचे वय आणि तो काय करीत होता हे शेवटी हळू आवाजात सांगून ठेवावे आणि घरी आल्यावर तेच शेऱ्यात लिहावे. तारीख, वेळ आणि ठिकाण यांत अंदाज चालत नाही. वढवाण्याच्या काठावरून करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडाचे एखादे पहाटेचे मुद्रण अशा संपूर्ण नोंदीसह संग्रहात गेले, तर किसुमूच्या काठावर बसलेला एखादा श्रोताही त्याची तुलना आपल्या मत्स्यगरुडाच्या हाकेशी करू शकेल.